डी प्लस तालुक्यात कारखाना न्यावा का? करसवलतींचे अनुभव हवेत

लेथवाला

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटी बहीण बघतो. गाड्यांच्या सुट्या भागांची कामं असतात : बुश, शाफ्ट, ब्रॅकेट. नवीन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) घ्यायची आहेत आणि जागा अजिबात उरलेली नाही. समोर दोन पर्याय आहेत. चाकणच्या बाजूला भाड्याने शेड, नाहीतर मराठवाड्यातल्या एका डी प्लस (सरकारी वर्गवारीत मागास) तालुक्यात एमआयडीसीचा प्लॉट.

सल्लागाराने दुसऱ्या पर्यायाचा जो तक्ता दिलाय तो बघून मी तरी भारावलोय. एसजीएसटीचा (राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा) परतावा, विद्युत शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी, कर्जावर व्याज अनुदान, वीजदरात सवलत. सगळं धरलं तर काही वर्षांत गुंतवणुकीचा मोठा हिस्सा परत येतो असं तो म्हणतो. बहिणीचं मत उलट आहे. सवलत बघून जागा निवडायची नसते, गिऱ्हाईक बघून निवडायची, असं ती ठामपणे सांगते. मला वाटतं सरकार मागास भागासाठी एवढं देत असेल तर आपल्यासारख्यांनी जायलाच हवं, त्या भागाचंही भलं होईल.

ज्यांनी अशी सवलत घेतलीय, किंवा मुद्दाम घेतली नाही, त्यांचे अनुभव हवेत. आणि एक व्यापक प्रश्नही आहे. अशा सवलतींनी मागास भाग खरंच वर येतो, की मुदत संपली की कारखानेही जातात?

सातपुडा

बहिणीला अनुमोदन. सविस्तर नंतर लिहितो.

अंकगणित

मी सीए आहे, या योजनेचे क्लेम करून देणं हे माझं रोजचं काम. आधी पाया स्पष्ट करतो, कारण सल्लागारांच्या तक्त्यात तो नेहमी धूसर असतो.

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. १९७९, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९ अशी साखळी आहे. तालुक्यांचं वर्गीकरण ए, बी, सी, डी, डी प्लस असं केलंय, त्याच्यापुढे उद्योगविरहित जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. मुंबई-पुण्याचा विकसित पट्टा 'ए' मध्ये. खाली जाल तशी सवलत वाढते आणि मुदतही लांबते. भोसरीतून डी प्लसला जाणं म्हणजे एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकाला जाणं.

आता तक्ता वाचताना तीन गोष्टी बघा.

पहिली, हा परतावा आहे, माफी नाही. कर आधी भरायचा, वर्षाअखेर क्लेम करायचा, तो तपासला जाणार, मंजूर होणार, आणि मग अर्थसंकल्पात तरतूद असेल तसे पैसे येणार. मंजुरी आणि पैसे यांच्यात अंतर असतं. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेलाच जातो.

दुसरी, परतावा राज्यात झालेल्या विक्रीवरच्या एसजीएसटीशी बांधलेला आहे. माल दुसऱ्या राज्यात गेला की आयजीएसटी लागतो, त्यावर राज्य तुम्हाला काही देत नाही. आणि लेथवाला, तुमचं काम जॉबवर्कचं आहे का? गिऱ्हाईक कच्चा माल देतं आणि तुम्ही फक्त मशीनिंगची मजुरी लावता, असं असेल तर जीएसटी त्या मजुरीवरच बसतो. मग परतावा तक्त्यातल्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. एकूण एसजीएसटी धरतात की इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला कर) वजा जाऊन रोखीने भरलेला, हेही तुम्हाला लागू होणाऱ्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) शब्दशः वाचा.

तिसरी, हे अनुदान आयकरात उत्पन्न धरलं जातं. पूर्वी भांडायला जागा होती. अनुदान कशासाठी दिलंय हे बघून कोर्टं ते भांडवली जमा मानायची. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्सच्या करमणूक शुल्क सवलतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसाच निकाल दिला. पण तो जुन्या वर्षांचा वाद होता. २०१५ च्या वित्त कायद्याने व्याख्याच बदलली. मालमत्तेच्या किमतीतून वजा होणारं अनुदान सोडलं तर बाकीचं सगळं उत्पन्नात. म्हणजे तक्त्यातल्या शंभर रुपयांतून कर वजा करूनच विचार करायचा.

लेथवाला

अंकगणित, मनापासून आभार. आमचं निम्म्याहून जास्त काम जॉबवर्कचंच आहे. सल्लागाराने हा प्रश्न विचारलाच नव्हता.

वाळूजकर

मी १९८०च्या दशकात, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजला आलो, तेव्हापासून इथेच. त्या काळातली सवलत आजच्यापेक्षा फार वेगळी होती, ते सांगतो.

तेव्हा विक्रीकर माफ व्हायचा किंवा लांबणीवर टाकता यायचा. लांबणीवर म्हणजे गिऱ्हाईकाकडून विक्रीकर घ्यायचा, पण सरकारकडे लगेच भरायचा नाही. काही वर्षं तो पैसा बिनव्याजी आपल्याच धंद्यात वापरायचा आणि मग हप्त्यांनी फेडायचा. छोट्या कारखानदाराला खेळतं भांडवल बँकेकडून मिळवताना काय यातायात करावी लागते हे ज्याने सोसलंय त्याला याची किंमत कळेल. पैसा क्लेम करून मागायचा नव्हता, तो आपल्या हातातच असायचा. योजना सिकॉम या राज्याच्या वित्तसंस्थेमार्फत राबवली जायची. पुढे राज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करून स्वतःचंच नुकसान करून घ्यायचं थांबवायचं ठरवलं आणि १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद झाल्या. नंतर आली ती परताव्याची पद्धत.

पण वाळूज उभं राहिलं ते केवळ त्या सवलतीवर नाही. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला. त्याच्यामागे प्रेसवाले, प्लेटिंगवाले, रबरवाले, डायवाले आले. मोठा कारखाना इथे का आला याच्या कारणांत सवलतही असेल, नाकारत नाही. आम्ही छोटे मात्र सवलतीसाठी आलो नव्हतो, ऑर्डरसाठी आलो होतो. सवलतीची मुदत संपल्यावरही राहिलो कारण ऑर्डर इथेच होती. मुलं इथे शिकली, आयटीआयमधून कामगार मिळत गेले, दुरुस्ती करणारे मिळत गेले.

त्याच काळात दुसरीकडे याच सवलतीवर गेलेल्यांपैकी कित्येक शेड पुढे बंद पडल्या. जवळ मोठं गिऱ्हाईक नव्हतं.

रानवारा

वाळूजकरांचा अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष अर्धाच पटतो. सवलत नसती तर तो मोठा कारखाना पुण्याजवळच वाढला असता. पहिला पाहुणा आणायला काहीतरी द्यावं लागतंच. हे 'काहीतरी' नको म्हणणारे बहुतेक लोक आधीच विकसित भागात बसलेले असतात.

मी परभणीचा. आमच्याकडे १९८४ च्या दांडेकर समितीपासून विकासाच्या अनुशेषाची चर्चा ऐकत पिढ्या गेल्या. रस्ते, पाणी, वीज, शिक्षण सगळ्यात मागे. लोक म्हणतात आधी पायाभूत सुविधा द्या, कारखाने आपोआप येतील. सुविधा येईपर्यंत आमची पोरं पुण्याच्या बसमध्ये बसलेली असतात.

सातपुडा

रानवारा, तुमची तळमळ पोचते. तरीही मागचा इतिहास बघायला हवा. केंद्राने १९७० च्या सुमारास मागास जिल्ह्यांत कारखाना काढणाऱ्याला थेट भांडवली अनुदान द्यायला सुरुवात केली, आणि आयकरात ८०एचएच कलमाखाली नफ्याच्या २० टक्के वजावट दिली. दहा वर्षांनी शिवरामन समितीने आढावा घेतला तेव्हा दिसलं की लाभ मोजक्याच जिल्ह्यांत एकवटलाय, आणि तेही बहुतेक मोठ्या औद्योगिक शहरांच्या शेजारचे. कारखानदाराने काय केलं असेल? नकाशावर 'मागास' लिहिलेलं पण शहरापासून सर्वात जवळचं ठिकाण शोधलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. खरा दूरचा तालुका तेव्हाही कोरडाच राहिला.

त्यामुळे माझा आक्षेप मागास भागाला मदत करण्यावर नाही. नफ्यावर किंवा विक्रीवर सवलत दिली की ती आधीच पाय रोवलेल्याला जास्त मिळते, यावर आहे. नव्या, धडपडणाऱ्या युनिटला पहिली काही वर्षं नफाच नसतो. त्याला आयकर माफ करून काय उपयोग?

बद्दीतली_वर्षं

औषध कंपनीत उत्पादन विभागात होतो. कंपनीने पश्चिम भारतातलं गोळ्या-कॅप्सूलचं काम हिमाचलात हलवलं तेव्हा मलाही पाठवलं. हा प्रश्न मी आतून बघितलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

जानेवारी २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडसाठी औद्योगिक पॅकेज जाहीर केलं. केंद्रीय अबकारी कर दहा वर्षं पूर्ण माफ. आयकर ८०आयसीखाली पहिली पाच वर्षं शंभर टक्के माफ, पुढची पाच वर्षं कंपन्यांना तीस टक्के. शिवाय भांडवली अनुदान. त्यात २००५ च्या जानेवारीत औषधांवरची अबकारी छापील किमतीवर मोजायला सुरुवात झाली. औषधाचा कारखान्यातला भाव आणि छापील किंमत यांतलं अंतर तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे कर वाचवण्याचा फायदा एकदम वाढला. मग काय, हिमाचलातल्या बद्दी-बरोटीवाला-नालागढ पट्ट्यात कंपन्यांची रीघ लागली.

तिथे पोचलो तेव्हा परिस्थिती कठीण होती. रस्ते अरुंद, राहायला जागा नाही, शिकलेला माणूस चंदीगडहून ये-जा करायचा. गोळी बनवायला लागणारा जवळजवळ सगळा माल बाहेरून यायचा आणि तयार माल पुन्हा देशभर जायचा. कर सोडला तर त्या वाहतुकीला कसलाही अर्थ नव्हता. शेजारचा पंजाब तक्रार करत राहिला की आमचे कारखाने उचलून नेले.

अबकारीच्या सवलतीत शिरायची मुदत ३१ मार्च २०१० ला संपली. नवी युनिट कुठे गेली? सिक्कीमला. कारण ईशान्येसाठी २००७ मध्ये नवं धोरण आलं होतं आणि आयकरात ८०आयईखाली दहा वर्षं शंभर टक्के सवलत होती. आमच्याच ओळखीचे लोक बॅगा भरून तिकडे गेले.

इथपर्यंत वाचून सातपुडांना आपला मुद्दा सिद्ध झाला असं वाटेल. पण बद्दी रिकामं झालं नाही. दहा वर्षांत तिथे खोके बनवणारे, फॉइलवाले, तपासणीच्या प्रयोगशाळा, मशीन दुरुस्त करणारे, फार्मसीची कॉलेजं, सगळं उभं राहिलं. आज देशातल्या औषधनिर्मितीच्या सर्वात मोठ्या केंद्रांत ते गणलं जातं. सवलतीने माणसं आणली आणि आलेल्या माणसांनी गाव बांधलं.

याची किंमत मात्र देशाने दिली. तोच कारखाना, तीच गोळी, फक्त जागा बदलली आणि कर बुडाला. देशाच्या उत्पादनात नवी भर किती पडली आणि नुसतं स्थलांतर किती झालं, हा प्रश्न मला आजही सोडत नाही. मूळ ठिकाणी ज्यांची नोकरी गेली त्यातले काही माझे सहकारी होते.

रानवारा

"सवलतीने माणसं आणली आणि आलेल्या माणसांनी गाव बांधलं." हेच म्हणत होतो.

सातपुडा

पण दहा वर्षं पूर्ण माफी लागली त्याला. राज्याच्या परताव्यात तेवढी ताकद नाही.

अंकगणित

आता तर राज्याच्या हातात ती ताकद उरलेलीच नाही. जीएसटी हा माल जिथे खपतो तिथल्या राज्याला मिळणारा कर आहे. मागास तालुक्यात कारखाना आला आणि माल तमिळनाडूत विकला गेला तर कर तमिळनाडूला. म्हणून राज्यं स्वतःच्या हद्दीतली विक्रीच धरतात. बद्दीच्या लोकांनाही २०१७ नंतर पूर्ण माफी राहिली नाही. उरलेल्या मुदतीसाठी केंद्राने परतावा दिला, तोही रोखीने भरलेल्या सीजीएसटीच्या (केंद्राच्या वाट्याच्या जीएसटीच्या) ५८ टक्के आणि आयजीएसटीच्या २९ टक्के. कारण केंद्राच्या वाट्याचा ४२ टक्के हिस्सा तेव्हा राज्यांना जायचा, उरलेल्यातूनच ते देणार.

आयकरातही हेच झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये दर उतरले. जुन्या कंपन्यांना २२ टक्के, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के (३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्यांनाच), त्यावर अधिभार आणि उपकर. अट ही की बाकीच्या बहुतेक वजावटी सोडायच्या. म्हणजे कुठेही कारखाना काढा, दर एकच. जागेवरून मिळणारी आयकर सवलत तेव्हाच मागे पडली.

नागझिरा

सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्रांचा) विषय अजून कुणी काढला नाही? खरी मोठी सवलत तिथे होती.

हिंजवडीचा_हेमंत

सेझ आम्ही आयटीवाल्यांनी वापरून घेतला, हे स्पष्ट लिहितो. आधी सॉफ्टवेअर पार्कची सवलत होती, १०ए कलमाची. ती ३१ मार्च २०११ ला संपली. तोपर्यंत सेझचा २००५ चा कायदा आला होता. १०एए खाली निर्यातीच्या नफ्यावर पाच वर्षं शंभर टक्के, पुढची पाच वर्षं पन्नास टक्के, आणि त्यापुढची पाच वर्षं नफा पुन्हा धंद्यात घातला तर पन्नास टक्के. नवे प्रकल्प सेझच्या इमारतीत सुरू व्हायचे, जुन्या इमारती हळूहळू ओस पडायच्या. जुनं युनिट उचलून नवं दाखवता येत नाही, जुनी यंत्रं वीस टक्क्यांहून जास्त चालत नाहीत, असे नियम होते. पण आयटीत यंत्र म्हणजे लॅपटॉप. नवे घेतले, माणसंही नवी घेतली, झालं.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा हे काय मागास भाग होते? देशातले सर्वात जास्त सेझ आयटीचे, आणि ते आधीच पुढारलेल्या शहरांत. मला त्यातून नोकरी मिळाली, घर झालं, त्याबद्दल कृतज्ञ आहे. तरी करदात्यांचा पैसा ज्या कारणासाठी सोडला गेला त्या कारणाशी माझ्या इमारतीचा संबंध नव्हता.

सातपुडा

कॅगचा २०१४ चा अहवाल बघा. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात सेझमुळे सोडून दिलेला कर ८३ हजार कोटींच्या आसपास. अधिसूचित जमीन सुमारे ४५ हजार ६०० हेक्टर, त्यातली प्रत्यक्ष काम सुरू झालेली साधारण २८ हजार ५०० हेक्टर. बाकी जमीन घेऊन ठेवलेली.

पेणची_लेक

जमिनीचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. महामुंबई सेझमध्ये आमच्या पेण तालुक्याचीही गावं होती. हेटवणे धरणाचं पाणी मिळणार म्हणून लाभक्षेत्रात दाखवलेली भातशेती, आणि तीच सेझसाठी घ्यायची. एन. डी. पाटील सरांसारखे लोक पाठीशी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांत सरकारने मतचाचणी घेतली. सेझसाठी शेतकऱ्यांना मत विचारलं गेलं, ही देशात दुर्मीळ गोष्ट होती. बायाबापड्या रांगेत उभ्या होत्या. पुढे मुदतीत भूसंपादन पूर्ण झालं नाही आणि ते बारगळलं.

इथे सगळे सवलतीचा हिशेब कारखानदार आणि सरकार या दोघांतच करताहेत. ज्याची जमीन जाते तो तिसरा पक्ष आहे. कर माफ झाल्याचा फायदा त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हे कुणीतरी सांगा.

रानवारा

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. नोकरीच्या वाटेने पोचायला हवा. सवलत घेणाऱ्या उद्योगाने पर्यवेक्षक पदांवर ५० टक्के आणि बाकी पदांवर ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत असं राज्याचं धोरण आहेच. पण 'स्थानिक' म्हणजे राज्याचा रहिवासी. ज्या गावची जमीन गेली त्या गावचा, असं नाही.

वाळूजकर

आणि बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. पीएफच्या यादीवर लक्ष ठेवलं तरच खरं चित्र दिसतं.

नागझिरा

चीनमध्ये हेच तर केलं ना? शेन्झेनमध्ये १९८० साली क्षेत्र काढलं, १५ टक्के कर ठेवला, बाकी देशात दुप्पट. आज शेन्झेन बघा.

हिंजवडीचा_हेमंत

शेन्झेनच्या पलीकडे हाँगकाँग होतं. भांडवल, बंदर, गिऱ्हाईक, व्यवस्थापक, सगळं नदी ओलांडून यायचं. आपल्याकडे कांडलाला निर्यात क्षेत्र १९६५ मध्येच निघालं, आशियातलं पहिलं. सवलती तिथेही होत्या. शेन्झेन तिथे का झालं नाही, यातच उत्तर आहे.

गोदाकाठ

सगळ्यात मोठी भीती कुणी बोललं नाही : सरकारने दिलेला शब्द मध्येच बदलला तर? २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये नव्या कारखान्यांना अबकारी सवलत दिली. लोकांनी गुंतवणूक केली. २००८ मध्ये केंद्राने ती मूल्यवृद्धीच्या ठरावीक टक्क्यांपुरती मर्यादित केली. कारखानदार कोर्टात गेले. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. सवलतीचा गैरवापर होत होता, तो थांबवण्यासाठी आणि लोकहितासाठी केलेला बदल योग्य, असं म्हटलं. निकालामागचं कारण समजतं. पण प्रामाणिकपणे माल बनवणाऱ्याचा हिशेबही त्याच फटक्यात बदलला.

सेझमध्येही तेच. आधी किमान पर्यायी कर (सवलती असल्या तरी कंपनीला भरावाच लागणारा) नव्हता, २०११ मध्ये लावला.

चहाटळ

आता फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला कुणामुळे गेला ते पण बोला की!

धागा_नियंत्रक

त्यासाठी राजकारण विभागात वेगळे धागे आहेत. इथे उद्योगाच्या अंगाने लिहावं ही विनंती. दोन प्रतिसाद काढले आहेत.

अंकगणित

राजकारण बाजूला ठेवून त्यातला एक मुद्दा इथे लागू आहे. राज्यं एकमेकांवर बोली लावतात तेव्हा मोठा प्रकल्प दोन्हीकडचे प्रस्ताव घेऊन बसतो. त्याच्याशी वाटाघाट होते, त्याला खास पॅकेज मिळतं. लेथवालांसारख्यांना जीआरमध्ये छापलेलं तेवढंच. म्हणून छोट्यांनी मोठ्यांच्या पॅकेजच्या बातम्या वाचून अंदाज बांधू नये.

कासारवाडी

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचं उदाहरणही बघायला हवं. नोकियाचा फोनचा कारखाना २००६ मध्ये तिथल्या सेझमध्ये सुरू झाला. हजारो मुली तिथे कामाला होत्या, आजूबाजूच्या खेड्यांतून बसने येणाऱ्या. मग कराचे वाद, बाजारात पिछेहाट, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कारखाना बंद. पुढे २०१९ मध्ये ती जागा चार्जर बनवणाऱ्या कंपनीने घेतली आणि त्या भागात पुन्हा इलेक्ट्रॉनिक्सचं काम सुरू झालं. कंपनी गेली तरी शिकलेले हात आणि रस्ता-बंदर जागेवरच होतं. पण मधल्या वर्षांत त्या मुलींचं काय झालं असेल, हा विचार करवत नाही.

लेथवाला

सगळे प्रतिसाद बहिणीसोबत बसून वाचले. थोडी जास्त माहिती देतो. आमची मोठी गिऱ्हाइकं तीन. दोन चाकणला, एक वाळूजला. वाळूजचं काम मालासह विक्रीचं आहे, जॉबवर्क नाही, आणि ते वाढतंय. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग आम्ही भोसरीतच बाहेरून करून घेतो. तालुका वाळूजपासून ट्रकने दीड-दोन तासांवर.

अंकगणितांच्या सांगण्याप्रमाणे परतावा फक्त वाळूजच्या विक्रीवर धरला, आयकर वजा केला, आणि पैसे उशिरा येतील असं मानलं. सल्लागाराच्या तक्त्यातला आकडा निम्म्याहून खूप खाली आला.

सातपुडा

आता परतावा शून्य धरा. तरीही धंदा तिथे चालतो का? चालत असेल तरच जा. परतावा आला तर त्यातून कर्ज लवकर फेडा.

वाळूजकर

अनुमोदन. आणि प्लेटिंगचं काय? माल मशीनिंगनंतर भोसरीला जाऊन पुन्हा वाळूजला येणार असेल तर भाड्यातच सगळं संपेल. वाळूजला प्लेटिंगवाले आणि हीट ट्रीटमेंटवाले चांगले आहेत, आधी त्यांच्याकडे नमुने करून गिऱ्हाइकाची मंजुरी घ्या. नवा पुरवठादार मंजूर करायला गुणवत्ता विभाग महिनोन्महिने लावतो, ते आत्ताच सुरू करा. एमआयडीसीच्या प्लॉटवर ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण करायचं असतं, नाहीतर मुदतवाढीचे पैसे भरावे लागतात. प्लॉट घेऊन 'बघू पुढे' असं करू नका.

मी असतो तर आधी तिथे भाड्याची शेड शोधली असती.

अंकगणित

भाड्याच्या शेडवर एक सावधगिरी. पात्र भांडवली गुंतवणुकीत काय धरतात हे तपासा, कारण अनुदानाची एकूण कमाल मर्यादा त्या गुंतवणुकीवर ठरते. जुनं मशीन भोसरीहून नेलंत तर ते बहुधा धरलं जाणार नाही. कोणत्या तारखेनंतरचा खर्च मोजतात हेही जीआरमध्ये पक्कं करून मगच मशीनची ऑर्डर द्या. बिलाची तारीख चुकली म्हणून पात्रता गेलेली उदाहरणं मी पाहिली आहेत.

पेणची_लेक

आणि तो प्लॉट कोणाच्या शेतातून आलाय ते एकदा विचारा, दादा. त्या घरातल्या एखाद्या मुलाला काम शिकवलंत तर मला बरं वाटेल.

लेथवाला

नक्की विचारेन, ताई. बहीणही तेच म्हणाली. माझी खरी अडचण माणसांचीच आहे. सीएनसीवर सेटिंग करणारा, प्रोग्राम लिहिणारा माणूस तिकडे मिळेल का? आमचे सेटर पुणे सोडायला तयार नाहीत.

रानवारा

तुमचे सेटर पुण्याचे असतील, त्यांना विचारूच नका. चाकण-भोसरीत सेटर म्हणून काम करणारी आमच्याकडची पोरं शोधा. एका खोलीत चौघं राहतात, पगारातलं बरंचसं भाड्यात आणि खाणावळीत जातं, आईवडील गावाकडे एकटे. गावाजवळ पक्की नोकरी मिळाली तर थोड्या कमी पगारातही परतायला तयार असलेले मला माहीत आहेत. पगार वेळेवर आणि पीएफ खरा, एवढीच त्यांची अट असते.

बद्दीतली_वर्षं

हे अगदी खरं. बद्दीतही टिकले ते हिमाचलचेच, जे आधी लुधियाना-दिल्लीत काम करून परतले होते. आम्ही बाहेरून गेलेले बहुतेक दोन-तीन वर्षांत निघालो.

लेथवाला

रानवारा, या मुलांशी बोलता येईल का? वाळूजच्या गिऱ्हाइकाकडे नमुन्यांचा विषय याच आठवड्यात काढतोय. प्लेटिंगवाल्यांची नावं मिळाली तर वाळूजकर, तीही हवी आहेत. प्लॉटचा अर्ज तोवर थांबवलाय. शून्य परताव्याचा हिशेब पुन्हा एकदा बहीण करतेय, तो जमला तर भाड्याच्या शेडने सुरुवात करू आणि मशीनच्या ऑर्डरआधी जीआर घेऊन अंकगणितांना भेटू.

वाळूजकर

नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. हीट ट्रीटमेंटसाठी दोन ठिकाणी नमुने द्या, एकाच ठिकाणी नको.

रानवारा

चार जणांचे नंबर त्यांना विचारून व्यनिने पाठवतो. त्यातला एक तुमच्या भोसरीतच रात्रपाळीला आहे, त्याला रविवारी सकाळी फोन करा.